ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही

(सामुदायिक रेडिओवर महिला बचत गटांसाठी दिलेलं भाषण)

कुणी शेतातून नुकत्याच आला असाल, कुणी तांदूळ निवडत बसला असाल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज आपल्याला तोंडाविषयी बोलायचं आहे. तोंड म्हणजे दात, दाढा, हिरड्या, जीभ आणि गालाची आतली बाजू, सगळं आलं. मी ग्रामीण रुग्णालयात दातांची डॉक्टर आहे. रोज माझ्यापुढे कितीतरी तोंडं उघडतात. त्यात बायकांची तोंडं सगळ्यात उशिरा उघडतात, हे माझं रोजचं बघणं आहे.

एक अनुभव सांगते. आषाढाचे दिवस होते, पेरण्या नुकत्याच उरकल्या होत्या. एक ताई गालावर पदर दाबून आल्या. पदर काढला तर जबड्याखाली मोठी सूज, अंगात ताप, आणि तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. मी विचारलं, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "दाढ दिवाळीपासून ठणकत होती मॅडम. संक्रांतीच्या सुमाराला आपोआप थांबली. म्हटलं, गेली एकदाची बला. आता ही सूज कुठनं आली कळंना."

ह्याच ताई त्या वर्षात लेकाला घेऊन माझ्याकडे तीनदा आल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, तेव्हा तुमची दाढ का नाही दाखवली?" तर म्हणाल्या, "माझं काय मॅडम, चालतंय."

बायांनो, हे "माझं काय, चालतंय" आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलंय. त्या ताईंना जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. सलाईन, इंजेक्शनं, सूज कापून पू काढला, मग दाढ काढली. आठवड्याची मजुरी बुडाली, घरचं माणूस सोबत राहिलं त्याचीही बुडाली. ती दाढ दिवाळीच्या आधी दाखवली असती, तर एका खेपेत सिमेंट भरून काम झालं असतं.

मग त्यांचा ठणका थांबला कसा? तेच आधी समजून घेऊ.

दात बाहेरून दगडासारखा दिसतो, पण आतून पोकळ असतो. त्या पोकळीत नस असते. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावर चिकटलेले जंतू ते खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचं वरचं कवच हळूहळू झिजवतं. यालाच आपण दात किडला म्हणतो. पण दातात वळवळणारा किडा नसतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. बाजारात कुणी धुरी देऊन किंवा नळी लावून कापसावर किडे काढून दाखवतात. ते किडे तुमच्या दातातले नसतात. पैसे जातात आणि दाढ तशीच किडत राहते.

आता दात आपल्याला खुणा कशा देतो ते बघा. पायऱ्या धरून सांगते.

पहिली पायरी. दाढेवर काळा किंवा तपकिरी ठिपका, छोटा खड्डा. भाजीचा दोरा, शेंगदाण्याचा कण एकाच जागी अडकतो. दुखत काहीच नाही.

दुसरी पायरी. गार पाणी, गोड किंवा आंबट लागलं की झर्रकन कळ येते आणि लगेच जाते.

इथपर्यंत आलात तर बहुतेक वेळा एका खेपेत काम होतं. किडलेला भाग कोरून काढायचा आणि खड्डा भरायचा.

तिसरी पायरी. गरम चहानंही ठणका लागतो आणि बराच वेळ राहतो. रात्री आडवं झालं की वाढतो. कानात, डोक्यात कळा जातात. म्हणजे कीड नसेपर्यंत पोचली. आता नुसतं सिमेंट भरून भागत नाही. नस साफ करून दात वाचवावा लागतो, त्याला रूट कॅनॉल म्हणतात. त्याला बऱ्याचदा दोन-तीन खेपा लागतात. नाहीतर दात काढावा लागतो.

चौथी पायरी फसवी आहे. ठणका आपोआप थांबतो. आपण म्हणतो, देवच पावला. पण खरं काय झालेलं असतं? आतली नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र जिवंत असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात.

पाचवी पायरी. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, परत येते. तोंडात घाण चव येते. चावताना तो दात इतरांपेक्षा उंच लागतो. आणि एक दिवस गाल सुजतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरायला लागली, डोळा मिटायला लागला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करून गाडी बोलवा. अशी सूज जिवावर बेतू शकते.

तोवर घरी काय करायचं? कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. लवंग दाढेखाली धरली तर थोडा वेळ बरं वाटतं, धरा. पण सुजेवर गरम विटेचा शेक देऊ नका. डोकेदुखीची गोळी हिरडीत दाबून ठेवू नका, तिथली कातडी भाजते. आणि मेडिकलमधून दरवेळी दोन-दोन गोळ्या आणून दिवस ढकलू नका. गोळीनं ठणका दबतो, खड्डा भरत नाही.

हे झालं दातांचं. आता हिरड्या. दात म्हणजे खांब धरला, तर हिरडी आणि हाड म्हणजे त्याभोवतीची माती. खांब मजबूत असून काय उपयोग, माती वाहून गेली तर?

दात घासताना थुंकीत रक्त दिसतं का? हिरडी लालभडक, फुगलेली आहे का? तोंडाला वास येतो का? दातांमध्ये नव्यानं फटी पडल्यात का, दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, हलतात का? ह्या हिरडीच्या रोगाच्या खुणा. हा रोग बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणून कित्येक बायका दात हलायला लागल्यावरच येतात, आणि तोवर आतलं हाड झिजलेलं असतं. झिजलेलं हाड पहिल्यासारखं परत भरून येत नाही.

रक्त येतं म्हणून पुष्कळजणी त्या बाजूला ब्रश लावणंच सोडतात. उलटं होतं. घाण साठून कीटण धरतं आणि रक्त आणखी वाढतं. मऊ ब्रशनं तिथं हळुवार घासत राहायचं, आणि कीटण डॉक्टरकडून काढून घ्यायचं. "दात साफ केले की हलायला लागतात" असं गावोगाव म्हणतात. खरं असं आहे की दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाच्या थरानं ते धरून ठेवलेले असतात. थर निघाला की ते आपल्याला जाणवतं. तसंच "वरची दाढ काढली की नजर जाते" हेही खरं नाही. डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी.

ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत पू राहिला तर साखर आटोक्यात यायला अवघड जातं. दोन्हीकडून मार बसतो.

आणि गरोदर लेकी-सुनांचं सांगते. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, रक्त येतं. "पोटुशी आहे, आता दाताला हात लावायचा नाही" असं म्हणून तिला घरी बसवू नका. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दातांचे उपचार निर्धास्त करता येतात, आणि ठणका किंवा सूज असेल तर कुठल्याही महिन्यात दाखवायचं. फक्त गरोदर असल्याचं डॉक्टरांना आधी सांगायचं. बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून दात पडतात, हेही मनातून काढा. उलटी झाल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि अर्ध्या तासानं दात घासावेत.

आता मी जे बोलणार आहे, ते ऐकून काहीजणी रेडिओ बारीक करतील. करू नका. मशेरीविषयी बोलायचं आहे.

मशेरी म्हणा, मिश्री म्हणा. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच ती. बहुतेकींची सुरुवात कशी होते? दाढ दुखत असते, सासू किंवा शेजारीण म्हणते, "चिमूटभर लाव, बरं वाटेल." थोडं बधिर होतं, बरं वाटतं. मग सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दुपारी लावल्याशिवाय काम सुधरत नाही. दाढेचं औषध म्हणून आलेली गोष्ट घरात ठाण मांडून बसते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालापासून बंदी आहे. म्हणजे तंबाखू हे दात घासायचं साधन नव्हे, हे सरकारलाही कायद्यानं सांगावं लागलं. पण घरच्या तव्यावर कुठला कायदा पोचणार?

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, सुनेसोबत. आजींना काही दुखत नव्हतं. सुनेनं त्यांची कवळी धुताना खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा बघितला. आजी म्हणत होत्या, "अगं, चाळीस वर्षं लावते मी, मला काय झालं?" चट्टा बोटानं पुसला जात नव्हता आणि मशेरी ठेवायची जागा नेमकी तीच होती. तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकेल असा बदल होता. आजींनी मशेरी सोडली. सोपं गेलं नाही. पहिले पंधरा दिवस चिडचिड, झोप नाही. अजूनही तलफ येते म्हणतात. तेव्हा बडीशेप चघळतात, उठून अंगणात फेरी मारतात. दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला येतात. त्या सुनेचं मला फार कौतुक वाटतं. तिनं बघितलं, आणि बघून गप्प बसली नाही.

म्हणून आज तुम्हाला एक काम शिकवते. महिन्यातून एकदा, न्हाण्याच्या दिवशी म्हणा किंवा गटाच्या बैठकीच्या दिवशी, स्वतःचं तोंड बघायचं. उजेडाला आरसा धरा, नाहीतर मोबाइलची बॅटरी लावा. हात धुवा आणि चूळ भरा. खालचा ओठ बाहेर ओढून आतून बघा, मग वरचा. बोटानं गाल बाजूला ओढून दोन्ही गाल आतून बघा. जीभ बाहेर काढा, डावी-उजवी कड बघा. जीभ टाळूला लावून जिभेखाली बघा. मान मागे टाकून टाळू बघा. शेवटी मानेवर आणि जबड्याखाली बोटं फिरवून गाठ लागते का ते चाचपा. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

काय शोधायचं? पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. दोन आठवडे होऊनही न भरलेली जखम किंवा तोंडातला फोड, मग तो दुखो न दुखो. गाठ, कडकपणा, बधिरपणा. तिखट लागताच आगडोंब होणं. आणि तोंड कमी उघडणं. त्यासाठी आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील, तर दाखवायलाच हवं. गुटखा, सुपारी खाणाऱ्या पोरांचंही हे करून बघा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठं मिळते ते पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

दोन आठवडे, एवढं लक्षात ठेवा. साधा फोड दोन आठवड्यांत भरतो. भरला नाही तर थांबायचं नाही. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. उशीर झाला की जबडा, जीभ कापायची वेळ येते. आशाताई तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला येतात. त्यात तंबाखूचं, तोंडातल्या जखमेचं विचारलेलं असतं. लाजून "नाही" म्हणू नका, खरं सांगा. आणि सोडायचं मनात असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत.

आता मुलांचं थोडक्यात. "दुधाचे दात, पडणारच आहेत" हे आपण म्हणतो. पण मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते, वर-खाली, दोन्ही बाजूंना. मधल्या रेषेपासून मोजत गेलात तर सहावी. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून आई समजते हीही दुधाचीच. ती कायमची असते. ती किडून गेली तर दुसरी येत नाही. तेव्हा पहिलीत गेलेल्या मुलाचं तोंड उघडून मागची दाढ बघाच. लहान बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, चोखणीला साखर-मध लावू नका. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले की तिथंच कीड सुरू झाली समजा. अंगणवाडीत आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

पोरगं पडलं आणि कायमचा दात मुळासकट निघून हातात आला, तर तो टाकू नका. मुळाला हात न लावता वरचा भाग धरा, मातीनं भरला असेल तर पाण्यात नुसता बुडवून काढा, वाटीभर गार दुधात ठेवा आणि तासाभरात डॉक्टरकडे पळा. तो परत बसवता येऊ शकतो.

आणखी एक. एकाच वस्तीतल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर ते बहुधा किडणं नव्हे. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या काही गावांत हे आढळलं आहे. ग्रामपंचायतीत अर्ज द्या, पाणी तपासून घ्या. हे एकटीचं काम नाही, गटाचं आहे.

आता जायचं कुठं? आधी आशाताईंना विचारा, दातांचे डॉक्टर कोणत्या वारी कुठं असतात. अनेक ग्रामीण रुग्णालयांत आणि उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयांत ते असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. काही विचारायचं असेल तर १०४ वर फोन करा.

जाताना दोन घास खाऊन जा, उपाशी जाऊ नका. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. बीपी, साखर, हृदयाचा आजार, रक्त पातळ करायची गोळी, दिवस राहिलेले असणं, हे न विचारता सांगा. दाढ काढली तर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा. त्या दिवशी सारखं थुंकू नका, चूळ भरू नका. आणि मशेरी अजिबात नको.

रोजचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी आणि रात्री झोपताना, फ्लोराइडच्या पेस्टनं, मऊ ब्रशनं. दोन्ही वेळा जमत नसेल तर निदान रात्रीचं चुकवू नका. राखुंडी, विटेची पूड, मीठ खसाखसा घासू नका, कवच झिजतं.

त्या सुजलेल्या ताईंची गोष्ट मी अर्धीच सांगितली. दाढ काढल्यावर महिन्यानं त्या टाके नीट भरले का ते दाखवायला आल्या. मी त्यांची बाकीची दाढ-दाढ बघितली. आणखी दोन दाढांना खड्डे होते, दुसऱ्या पायरीवरचे. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात या, भरून टाकू." त्यांच्या तोंडून निघालंच, "माझं काय..." आणि मग स्वतःच हसल्या. म्हणाल्या, "आज करता येतील का हो? परत यायचं म्हटलं की राहून जातं." आम्ही त्याच दिवशी दोन्ही भरल्या. अर्धा तास लागला.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत हप्त्याची वही मिटल्यावर आरसा काढा. एकमेकींचं तोंड बघा. कुणाची दाढ "थांबलीय", तिला आधी विचारा. आणि तिघी-चौघी मिळून वार ठरवून एकत्र निघा. एकटीचं राहून जातं, चौघींचं राहत नाही.